‘थर्टीन’मध्ये नसलेल्या ड्रमरला

श्री. बिल वॉर्ड यांस,


ब्लॅक सॅबाथच्या ‘थर्टीन’ या अल्बमविषयी पत्र लिहायचं, तर रीतीप्रमाणे ते टोनी आयोमींना लिहायला हवं, किंवा गीझर बटलरना, फार तर निर्माते रिक रूबिनना. तुम्ही त्या अल्बममध्ये एकदाही काठी उचललेली नाही. तरी हे पत्र तुम्हालाच आहे. २०१३ मध्ये तो अल्बम आला तेव्हापासून तो लावला की माझं लक्ष गिटारवरून हळूच सुटतं आणि तुमच्या जागी जाऊन बसतं. आणि आता ऑझी ऑझबर्न नाहीत. २२ जुलै २०२५ ला ते गेले आणि त्यांच्या आवाजातला सॅबाथचा शेवटचा पूर्ण अल्बम कोणता, हा प्रश्न कायमचा मिटला. तो ‘थर्टीन’च. म्हणजे ज्या घरात चौघं वाढले त्याच्या शेवटच्या नोंदीत तिघांचीच नावं आहेत.

पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही, याची मला काळजी नाही. खुलं पत्र पत्त्यावरच्या माणसाइतकंच शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहितात. तुम्ही २०१५ च्या एप्रिलमध्ये ऑझींना असंच उघड्यावर लिहिलं होतं आणि त्यांनीही उघड्यावरच उत्तर दिलं होतं. ते दोन्ही कागद वाचताना आपण दुसऱ्याच्या घरचं भांडण खिडकीतून ऐकतोय असं वाटत होतं, पण खिडकी तुम्हीच उघडी ठेवली होती.

आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी थोडं सांगून घेतो, तुम्हाला पाठ असलेलंच. बर्मिंगहॅममधला ॲस्टन हा कारखान्यांचा भाग. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी पडलेल्या इमारतींचे ढिगारे अजून उचलले गेले नव्हते, त्या दिवसांत तिथे चार मुलं वाढली. १९६८ मध्ये चौघं एकत्र आले. तुम्ही आणि आयोमी आधी ‘मिथॉलॉजी’ नावाच्या बँडमध्ये होतात, ऑझी आणि गीझर ‘रेअर ब्रीड’मध्ये. नव्या बँडचं नाव आधी काहीतरी विचित्र होतं, मग ‘अर्थ’ झालं, आणि मग मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाच्या एका भयपटावरून ‘ब्लॅक सॅबाथ’. आयोमींच्या बोटांची गोष्ट मेटल ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते: सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे तिसऱ्या अल्बमपासून गिटारच खालच्या सुरात उतरवली. तारा सैल झाल्या, आवाज जड झाला. हेवी मेटलचा जन्म कसा झाला हे सांगणारा प्रत्येक जण इथे थांबतो.

मी थांबत नाही, कारण ही गोष्ट पुरी नाही. सैल तारा पुष्कळांनी वाजवल्या. आजही कुठल्याही तालमीच्या खोलीत कुणीतरी त्या सुरात गिटार लावून बसलेला असतो, आणि तरी तो आवाज सॅबाथसारखा येत नाही. जडपणाचा निम्मा हिशेब तुमच्या बाजूला निघतो.

तुम्ही जॅझ ऐकत मोठे झालात. जीन क्रूपा आणि बडी रिच ही तुमची दैवतं. क्रूपाचे ते फुगलेले, गोल टॉम आणि झोल देत जाणारी चाल तुमच्या हातात उतरली, आणि मग तुमच्यासमोर आयोमींच्या त्या लोखंडी रिफ आल्या. दुसऱ्या कुणी सरळ ठोकून मोजून दिल्या असत्या. तुम्ही तसं केलं नाहीत. कीर्तनात मुरलेला मृदंगी जसा बुवांच्या तोंडाकडे बघत वाजवतो, बुवा ओवी ओढतील तिथे तोही रेंगाळतो आणि अभंग चढला की उसळतो, तसे तुम्ही रिफच्या तोंडाकडे बघत वाजवत होता. मात्रा मोजायचं काम बरेचदा गीझरच्या बेसवर सोडून तुम्ही गिटारशी बोलत बसायचात.

पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं घ्या. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, त्या दिवशी तो अल्बम आला. लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत तुम्ही तो जेमतेम एका दिवसात वाजवून मोकळे झाला होता. पाऊस, लांबची घंटा आणि मग तीन स्वर. आमच्या भाषेत सांगायचं तर सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. (हाच तीव्र मध्यम आमच्या यमनमध्ये संध्याकाळ गोड करतो, तुमच्याकडे तो सैतानाचा म्हणून बदनाम. कुठे बसवता त्यावर सगळं आहे.) त्या तीन स्वरांखाली तुम्ही ठेका धरतच नाही. स्वर वाजून लांबत जातो तेव्हा तुम्ही टॉमवरून एक घरंगळती फेरी टाकता, मग गप्प बसता, मग पुन्हा टाकता, आणि प्रत्येक वेळी ती निराळी असते. ऐकणाऱ्याला पुढचा ठोका कधी पडणार याचा भरवसा राहत नाही. भीती तिथून येते. सैतानाचं नाव गाण्यात नंतर येतं, पोटात गोळा त्याआधीच आलेला असतो.

‘वॉर पिग्ज’मध्ये ऑझी गात असताना तुमचा हाय-हॅट नुसता टिकटिकत राहतो आणि अधूनमधून दोन घाव पडतात. त्या गाण्यात जेवढी शांतता आहे तेवढी तेव्हाच्या कुठल्या रॉक बँडला परवडली असती? ‘हँड ऑफ डूम’मध्ये तुम्ही आवाज इतका खाली नेता की श्रोता पुढे वाकतो. ‘सुपरनॉट’च्या मध्यावर तुम्ही गाणं थांबवून रस्त्यावरची मिरवणूकच आत आणता. आमच्याकडच्या कॉलेजच्या बँडवाल्यांना हे सगळं सोपं वाटायचं. १९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं आणि धोबी तलावाच्या रंगभवनात पुढची अनेक वर्षं पोरं भर पावसाळ्यात ओली होत गिटार ऐकत उभी राहिली. तुमचा बँड आमच्याकडे कधी आला नाही. आयर्न मेडन आले, २००८ मध्ये मुंबईतही वाजवून गेले. त्यामुळे सॅबाथ आम्हाला नेहमी दुसऱ्यांच्या हातूनच ऐकावे लागले. ‘पॅरानॉइड’ किंवा ‘आयर्न मॅन’ची रिफ गिटारवाल्याला आठवड्यात बसायची. ड्रमवाला बरोब्बर वाजवायचा आणि गाणं पत्र्यासारखं वाजायचं. चूक त्याच्या हातात सापडायची नाही. त्यानं मोजलेलं असायचं, ऐकलेलं नसायचं.

आता ‘थर्टीन’.

ऑझींना १९७९ मध्ये तुम्ही सगळ्यांनी बँडमधून काढलं. ते सांगायचं अवघड काम तुमच्याच वाट्याला आलं होतं, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सांगितलंय. मग रॉनी जेम्स डिओ आले, ‘हेवन अँड हेल’ झाला, तुम्ही तो वाजवून दौऱ्याच्या मध्येच निघून गेलात, दारूशी झुंजलात, परत आलात, पुन्हा गेलात. १९९७ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला चौघं पुन्हा एका मंचावर उभे राहिले आणि त्याचा अल्बम निघाला, पण ते थेट मैफलीचं ध्वनिमुद्रण होतं, नव्या गाण्यांची भर त्यात दोनचीच. २००१ मध्ये रूबिनबरोबर नवा अल्बम सुरू झाला आणि बारगळला. शेवटी ११ नोव्हेंबर २०११ ला लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की ए गो गो’मध्ये चौघांनी पत्रकारांसमोर बसून जाहीर केलं की नवा अल्बम येतोय आणि दौराही. ऑझींबरोबरचा मागचा स्टुडिओ अल्बम १९७८ चा. मध्ये तेहेतीस वर्षं गेली होती.

पुढचे तीन महिने कुणाच्याच आवाक्यातले राहिले नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये आयोमींना लिम्फोमा असल्याचं निदान झालं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुम्ही निवेदन काढलंत, की करारावर सही करता येईल असा कागद माझ्यापुढे आलेला नाही. मूळ सदस्य म्हणून मान राखणारा करार हवा, बॅगा भरून तयार आहे. तसा कागद आला नाही. आयोमींची केमोथेरपी चालू होती, म्हणून गाणी इंग्लंडमध्ये त्यांच्या घरी रचली गेली आणि मग कॅलिफोर्नियात मालिबूच्या ‘शांग्री-ला’ स्टुडिओत रेकॉर्ड झाली. तुमच्या खुर्चीवर ‘रेज अगेन्स्ट द मशीन’चा ब्रॅड विल्क बसला. दौऱ्यावर टॉमी क्लुफेटॉस.

अल्बम जून २०१३ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याआधी सॅबाथचा असा क्रमांक ‘पॅरानॉइड’चा, १९७० मधला. एवढं अंतर टाकून पुन्हा वर पोचलेला दुसरा बँड तोवर तिथल्या यादीत नव्हता. अमेरिकेत तर तुमच्या बँडचा तो पहिलाच पहिला क्रमांक. ‘गॉड इज डेड?’ला ग्रॅमी मिळालं. हे सगळं तुमच्याशिवाय झालं आणि वितरकाच्या दृष्टीनं पाहिलं तर तुमच्या नसण्यानं कुणाचं काही अडलं नाही.

अल्बम वाईट आहे असं म्हणून मला तुमची खुशामत करायची नाही. तो वाईट नाही. कॅन्सरच्या उपचारात असलेल्या माणसानं एवढ्या ताकदीच्या रिफ एकापाठोपाठ काढल्या याचं मला आजही नवल वाटतं. ‘एज ऑफ रीझन’च्या शेवटी आयोमींची गिटार जी वर चढत जाते, ती ऐकून मी अनेकदा गाणं मागे नेलंय. गीझरचा बेस तर कित्येक ठिकाणी गिटारपेक्षा जास्त बोलतो. ऑझींचा आवाज खालच्या पट्टीत उतरलाय आणि त्यानं गाण्यांना एक थकवा आलाय, जो त्या शब्दांना शोभतो. मरण, देव, विज्ञान, पाप, हेच गीझरचे जुने विषय, पण आता लिहिणाऱ्याचं वय साठीच्या पुढे आहे आणि शेजारी वाजवणाऱ्याच्या रक्तात आजार आहे. विशीतल्या पोरांनी मरणाविषयी गायलेलं आणि हे, दोन्हीत फरक ऐकू येतो.

पण रूबिननी एक घोळ केला. असं सांगतात की त्यांनी तिघांना बसवून पहिला अल्बम ऐकवला आणि म्हणाले, तेव्हा हेवी मेटल नावाची गोष्टच नव्हती, तिथे परत जा. सल्ला उत्तम. अडचण अशी, की त्या अल्बममध्ये मेटल नव्हतं याचं कारण ते वाजवणाऱ्या चौघांपैकी एकाच्या हातात जॅझ होतं आणि तो एक खोलीत नव्हता. मग परत जायचं कशानं? गाण्यांच्या बांधणीनं. ‘एंड ऑफ द बिगिनिंग’ची घडण त्या पहिल्या गाण्यासारखी, संथ रिफ, दबका आवाज, मग वेग. ‘लोनर’ ऐकलं की ‘एन. आय. बी.’ आठवतं. ‘झाइटगाइस्ट’ म्हणजे ‘प्लॅनेट कॅरॅव्हॅन’चा सख्खा धाकटा भाऊ, आणि मला विचाराल तर नको इतका सख्खा. ‘डिअर फादर’ संपताना पुन्हा तोच पाऊस आणि तीच घंटा. घराचा आराखडा त्यांनी हुबेहूब गिरवला.

विल्क चांगला ड्रमर आहे. त्यानं तुमचं वाजवणं मन लावून अभ्यासलं होतं हे जाणवतं, आणि अशा खुर्चीवर बसायला जिगर लागते. (रूबिननी आधी जिंजर बेकरचं नाव सुचवलं होतं म्हणतात. त्या चौकटीत बेकर! अल्बम झाला नसता, पण भांडणं रेकॉर्ड करण्याजोगी झाली असती.) पण ‘एंड ऑफ द बिगिनिंग’च्या संथ भागात विल्क प्रत्येक घाव जिथल्या तिथे ठेवतो. जिथे तुम्ही गप्प बसला असतात तिथे तो वाजवतो आणि जिथे तुम्ही घरंगळला असतात तिथे तो मोजतो. गाणं पुढे सरकतं, पण खाली खचत नाही. त्यात मास्टरिंगमध्ये सगळा आवाज इतका दाबून भरलाय की हळू आणि जोरात यांतलं अंतरच उरत नाही. ‘हँड ऑफ डूम’सारखं गाणं या पद्धतीनं छापलं असतं तर त्यातली भीती पहिल्याच मिनिटात संपली असती.

एका गाण्यात मात्र मी तुम्हाला विसरतो. ‘डॅमेज्ड सोल’. जुन्या ब्लूजच्या अंगानं जाणारं, ऑझींच्या हार्मोनिकासह, सगळे एकत्र खोलीत बसून वाजवल्यासारखं. तिथे विल्कनं मोजणं सोडलंय. लय किंचित मागे झुकते, आयोमी तिच्यावर रेलून वाजवतात, आणि एकदम लक्षात येतं की अल्बम असाही होऊ शकला असता. बाकी सात गाण्यांवर माझा राग बहुतेक या एका गाण्यामुळेच आहे.

कराराच्या भानगडीत मी न्यायाधीश होणार नाही. तो कागद जाहीर झालेला नाही. तुमच्या तब्येतीविषयी दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं, आणि तुम्हाला १९९८ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता हे खरं आहे. चार तासांच्या रियाझाचा आणि वर्षभराच्या दौऱ्याचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांनी शंका घेणं गुन्हा नाही. ऑझींनी मात्र २०१३ मध्ये तुमच्या वजनावरून जे छापील बोल लावले ते मित्राचे नव्हते.

मला खुपतं ते वेगळं आहे. १९७० ते १९७८ या आठ अल्बमांत स्वतःच्या बहुतेक गाण्यांचं श्रेय चौघांना असायचं, रिफ कुणाचीही असो, शब्द कुणाचेही असोत. त्या काळात ड्रमरला गाण्याचा रचनाकार मानणारे बँड किती होते? तुमच्या मित्रांनी ते विशीत मानलं होतं. पुढे २००९ मध्ये ब्लॅक सॅबाथ या नावाच्या मालकीवरून ऑझींनी आयोमींवर दावा लावला, तेव्हा त्यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की हे नाव चौघांचं समान असावं. दावा पुढच्या वर्षी आपसात मिटला. आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्या चौघांपैकी एकाशिवाय त्याच नावाचा अल्बम सुरू झाला. ज्यांना ड्रमरचं मोल कळलेलंच नव्हतं त्यांनी असं केलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. या माणसांना ते कळलेलं होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

५ जुलै २०२५ ला ॲस्टनच्या व्हिला पार्कवर तुम्ही परत आलात. त्या दिवसाचं संगीत नियोजन टॉम मोरेलोकडे होतं, विल्कच्याच बँडमधला गिटारवाला. योगायोग म्हणून सोडून देऊ. मेटॅलिका, स्लेअर, गन्स अँड रोझेस, टूल, असे दिवसभर एकामागून एक येऊन तुमचीही गाणी वाजवून गेले. ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’वर तीन नामवंत ड्रमर एकमेकांसमोर बसून भिडले. मग रात्री ऑझी त्या काळ्या सिंहासनावर, पार्किन्सननं जखडलेले, आणि मागे सत्त्याहत्तर वर्षांचे तुम्ही. चार गाणी. ‘वॉर पिग्ज’, ‘एन. आय. बी.’, ‘आयर्न मॅन’, ‘पॅरानॉइड’. हात पूर्वीसारखे वेगवान नव्हते. पण ‘वॉर पिग्ज’मध्ये हाय-हॅट टिकटिकायला लागला आणि दिवसभर ज्यांनी हेच संगीत अचूक वाजवलं होतं त्यांच्यात आणि तुमच्यात काय फरक आहे हे दोन ओळींत कळलं. वीस मिनिटांपेक्षा फार जास्त नसेल ते सगळं. सतराच दिवसांनी ऑझी गेले.

तेव्हापासून माझ्यासारख्या मंडळींच्या मनात एक इच्छा घोळतेय आणि ती मी बोलून दाखवतो, म्हणजे तिला विरोध करता येईल. इच्छा अशी: ‘थर्टीन’ची आठ गाणी घ्यावीत, विल्कचे ड्रम काढावेत आणि बिल वॉर्डना बसवून नव्यानं वाजवून घ्यावेत. ऑझींचा आवाज आहे, आयोमी आणि गीझर आहेतच. हे तंत्रानं आता अवघड राहिलेलं नाही. २०२३ मध्ये बीटल्सनी जॉन लेननचा आवाज एका जुन्या घरगुती कॅसेटमधून पियानोपासून वेगळा काढून अख्खं गाणं उभं केलं. ‘थर्टीन’च्या तर सुट्या टेप कपाटात असणार. कुणीतरी एक दिवस तुम्हाला फोन करेल, कदाचित यावेळी सही करता येईल असा कागद घेऊन.

करू नका, वॉर्डसाहेब.

असं आधी झालेलं आहे, आणि ऑझींच्याच घरात. त्यांचे पहिले दोन स्वतंत्र अल्बम, ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’, यांवर बेस बॉब डेझलींचा आणि ड्रम ली कर्सलेक यांचे होते. मानधनावरून दोघे कोर्टात गेले. २००२ मध्ये ते अल्बम पुन्हा निघाले तेव्हा त्यांतून या दोघांचं वादन पुसून तिथे दुसऱ्या दोघांचं वाजवून घातलेलं होतं. रँडी ऱ्होड्सची गिटार तीच, १९८२ मध्ये विमान अपघातात गेलेल्या मुलाची, आणि तिच्याखाली वीस वर्षांनंतरचे ड्रम. लोक इतके चिडले की २०११ मध्ये मूळ वादन परत आणावं लागलं. कर्सलेक पुढे आजारी पडले, शेवटच्या काळात त्यांनी ऑझींकडे त्या दोन अल्बमांच्या प्लॅटिनम तबकड्या मागितल्या आणि ऑझींनी त्या दिल्या. २०२० मध्ये कर्सलेक गेले.

विल्कच्या बाबतीत तेच व्हावं असं तुम्हाला वाटत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. त्याच्यावर कुणाचा राग नाही. बोलावलं म्हणून तो आला आणि प्रामाणिकपणे वाजवून गेला. शिवाय तुमचं वादन हे समोरच्याचं ऐकून द्यायचं उत्तर आहे. गोठलेल्या टेपला कसलं उत्तर देणार? तिकडून गिटार तुमच्यासाठी थांबणार नाही, ऑझी तुमच्याकडे मान वळवून पाहणार नाहीत. तुम्हीही शेवटी मोजतच बसाल. ‘थर्टीन’ जसा आहे तसाच राहू दे, तिघांचा आणि एका पाहुण्याचा.

त्याऐवजी मागणं वेगळं आहे. आयोमींनी आत्मचरित्र लिहिलं, ऑझींनी लिहिलं, गीझरनीही २०२३ मध्ये लिहिलं. तिघांची पुस्तकं झाली. तुमचं राहिलंय, आणि ते आयुष्याचं नसलं तरी चालेल. हॉटेलच्या खोल्या, दारू, आयोमींनी गंमत म्हणून तुम्हाला पेटवलं तो प्रसंग, हे बाकीच्यांनी सांगून झालंय. मला हातांचं पुस्तक हवंय. पहिल्या गाण्यात टॉमवरची ती फेरी कुठे टाकायची आणि कुठे नाही, हे एका दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही आधी ठरवलं होतं की उभ्या उभ्या सुचत गेलं? ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’मध्ये मागून जो जास्तीचा तालवाद्यांचा गलबला ऐकू येतो तो कुणाच्या डोक्यातला? १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला ‘कॉर्नुकोपिया’ तुमच्या हाताला बसत नव्हतं आणि आपल्याला काढून टाकणार अशी धास्ती तुम्ही घेतली होती, असं तुम्हीच नंतर सांगितलंत. नक्की कुठली जागा बसत नव्हती? शेवटी ती कशी बसली? ऐकणाऱ्याला आज तिथे काहीच अडलेलं जाणवत नाही, म्हणून तर विचारायचं.

लिहायचं नसेल तर एका खोलीत ड्रम मांडा, समोर मायक्रोफोन ठेवा, आणि कुणी तरुण ड्रमर शेजारी बसवा, ज्याला तुम्ही काठी धरून दाखवाल. बर्मिंगहॅमनं २०२५ च्या जूनमध्येच तुम्हा चौघांना शहराचा सन्मान दिलाय, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पुलाला बँडचं नाव आहे, तिथल्या रॉयल बॅलेनं २०२३ मध्ये तुमच्या संगीतावर बॅले बसवला. अशा शहराला एक खोली आणि एक ध्वनिमुद्रक मिळवणं जड जाऊ नये. आयोमींनाही बोलवा. त्यांनी गिटार घेऊन बसावं, रिफ संथ वाजवावी आणि तुम्ही तिथे काय केलंत ते त्यांच्या देखत करून दाखवावं. तुमच्या दोघांत आता कुठला कागद मध्ये येण्याचं कारण उरलेलं नाही.

रंगभवनात ज्यांचं गाणं पत्र्यासारखं वाजलं ती पोरं आता पन्नाशीला टेकलीत. त्यांच्या मुलांपैकी कुणी ना कुणी ड्रम शिकतंच आहे. ते ध्वनिमुद्रण निघालं तर त्यांना कळवायचं काम मी करतो.



आपला,
मुंबईतला एक श्रोता